भट्टीला माती कमी पडतेय

गुरुवार, ४

आईने दिलेली ही शाळेतली उरलेली हजेरीची वही आहे. आई शाळेत शिपाई आहे, घंटा तीच वाजवते. वहीत डावीकडे नावांचे रकाने आहेत. त्यात मी कुणाला मांडू?

आज जेवताना बाबांनी विषय काढला. "येऊन तीन आठवडे झाले. पुढे काय?"

मी म्हणालो, "बघतोय."

"काय बघतोयस ते सांग, म्हणजे आम्हीही बघू."

बाबा चष्म्याच्या काचा घासतात. लोकांना नीट दिसावं म्हणून तीस वर्षं झिजलेत, त्यामुळे "बघतोय" हे उत्तर त्यांच्याकडे चालत नाही. मग मी सांगून टाकलं की मागच्या अंगणात पावाची भट्टी बांधणार आहे. तोंडातून बाहेर पडेपर्यंत हे मलाही माहीत नव्हतं. गेल्या वर्षी डोंगरातल्या एका बेकरीत मी सतरा दिवस होतो. ट्रे धूत होतो, पण भट्टी समोरच होती.

दादा बस आगारात माइकवर गाड्या पुकारतो आणि घरीही तसाच बोलतो. "प्रवाशांनी लक्ष द्यावं," तो म्हणाला. "मागच्या अंगणातली भट्टी अनिश्चित काळ उशिराने धावत आहे."

बाबांनी खिशातली स्टीलची पट्टी काढून टेबलावर ठेवली. पट्टी बाहेर आली की काहीतरी ठरतं. "अठ्ठावीस तारखेचा रविवार. तोवर खाण्यासारखा पाव निघाला, तर मागची खोली तुझी. राहा हवं तितकं. नाही निघाला, तर सोमवारच्या गाडीने मामाकडे."

मामाचं सिमेंटचं गोदाम आहे. तिथे पोती मोजायची. मी एकदा चार दिवस मोजली होती, अजून शिंकलो की करडं येतं.

"खाण्यासारखा म्हणजे कसा?" मी विचारलं.

"एका तरी माणसाने आपणहून दुसरा तुकडा मागितला पाहिजे."

"मागची खोली" ऐकून दादाने वहिनींकडे पाहिलं आणि वहिनींनी मिठाच्या बरणीकडे. मी मीठ पुढे केलं. त्यांना नको होतं.

खरं लिहायचं तर मला राहायचंय. पाच वर्षं मी भेटेल त्याला "पाय नेतील तिकडे आपलं घर" असं ऐकवत हिंडलो. पण आलो त्या रात्री मागच्या खोलीतल्या गादीवर पडलो, तर माझ्या अंगाचा खड्डा तिथे तसाच होता. हे कुणाला सांगायचं नाही.

शनिवार, ६

पाया झाला. विटा घराच्या मागेच पडून होत्या. खरं तर कालच व्हायचा, पण एका विटेखाली मुंग्या निघाल्या आणि त्या कुठे जातात ते बघत मी शेजारच्यांच्या पायरीपर्यंत गेलो. तिथे त्यांचा पंखा दुरुस्त करायला बसलो. आता तो उलटा फिरतो.

बाबा कामावरून आले, कपडे न बदलता पायावर पट्टी ठेवली आणि म्हणाले, "चार मिलिमीटर कलतोय." मी म्हणालो, पावाला कळणार नाही. ते म्हणाले, "मला कळलंय." अंधार पडेपर्यंत विटांखाली वाळू सारत बसले. माझ्यावर किती अविश्वास आहे बघा.

वहिनी सकाळी मागच्या खोलीत उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, या खिडकीला जाळी बसवली तर?" मी म्हणालो, मला डास चावत नाहीत. त्या "हं" म्हणाल्या.

सोमवार, ८

माती आणली. कुंभारकाका आता प्लॅस्टिकच्या कुंड्या विकतात, पण त्यांच्या शेडमध्ये जुन्या मातीचा ढीग शिल्लक होता.

"ही शेवटची," ते म्हणाले. "खाणीवर इमारत उठली. सहा घमेली आहेत. सांडलीस तर चमच्याने गोळा कर."

मी विचारलं, चांगली आहे का. त्यांनी चिमूटभर उचलून माझ्या जिभेवर ठेवली. "दाताखाली करकरली तर माती वाईट. लोण्यासारखी गेली तर सोनं."

करकरली नाही. पावसाळी भिंतीसारखी थोडी गार आणि थोडी गोडसर लागली.

रात्रीच्या जेवणाला मी हे सगळं रंगवून सांगितलं. आई म्हणाली, "जेवताना काय घाण बोलतोस." वहिनींनी मात्र तीनदा विचारलं, गोडसर म्हणजे कशासारखी. वहिनी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहेत. दिवसभर लोकांना चूळ भरायला सांगतात, म्हणून तोंडातल्या गोष्टींत त्यांना रस असणार.

गुरुवार, ११

काल वाळूचा ढीग रचला, उपड्या टोपलीसारखा. त्यावर ओली वर्तमानपत्रं चिकटवायची, वरून माती थापायची, माती घट्ट झाली की तोंड कापून वाळू उपसायची, की आत पोकळ घुमट उरतो. एवढं सोपं आहे.

आज वर्तमानपत्रं चिकटवायची होती. चिकटवण्याआधी वाचली. एका हत्तीचा खटला होता, तो तीन अंकांत चालला होता आणि मधला अंक सापडेना. दिवस गेला. हत्ती सुटला एवढं कळलं.

शनिवार, १३

माती कमी झालीय.

सहा घमेली आणली होती. गोणपाटाखाली झाकली होती. आज वाळूत मिसळायला काढली तर पाच आणि थोडी. घरात सांगितलं. बाबा म्हणाले, "तू मोजण्यात माती खाल्लीस."

वहिनींना जोराचा ठसका लागला. आईने पाठ चोळली.

"मी बरोबर मोजली होती," मी म्हणालो.

"कधी कुठल्या गोष्टीत माती खाल्ली नाहीस, ते सांग."

वहिनी पाण्याचा पेला घेऊन आत गेल्या. मला वाईट वाटलं. मला बोलणी बसलेली त्यांच्याने बघवत नाहीत. मनाने फार हळव्या आहेत.

रविवार, १४

दिवसभर पायाने माती आणि वाळू तुडवली. दादाने दहा मिनिटं तुडवली आणि "तांत्रिक कारणास्तव" थांबला. वहिनी खुर्ची घेऊन जवळ बसल्या होत्या, डोळे मिटून. मी विचारलं, डोकं दुखतंय का. म्हणाल्या, "नाही, वास घेतेय."

घुमट थापून झाला. पुढून चार बोटं जाड आहे. मागे माती संपली, तिथे जेमतेम दोन बोटं. तिथून ऊब पळणार. बाबांनी तोंडाची उंची काढून दिली: आतली उंची शंभर धरली तर तोंड त्रेसष्ट. कुठल्याशा पुस्तकातून शोधून आणलंय. त्यांनी एवढी कटकट केली नसती तर मी अंदाजाने कापून मोकळा झालो असतो.

संध्याकाळी ढग आले तेव्हा भट्टीवर कुणीतरी बाबांचा रेनकोट घालून गेलं होतं. दादा असेल.

मंगळवार, १६

आज वहिनींशी मनमोकळं बोलणं झालं. त्या लवकर घरी आल्या होत्या, चेहरा उतरलेला. माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला एक सांगायचंय. मी माती खाल्ली."

मला भरून आलं. या घरात आजवर माझ्याशिवाय कुणी हे कबूल केलेलं नाही.

"वहिनी, त्यात काय," मी म्हणालो. "सगळेच खातात."

त्यांनी चमकून पाहिलं. "सगळे?"

"मी तर लहानपणापासून खातोय. दर दोन महिन्यांनी एकदा तरी होतंच."

"अगं बाई." त्यांचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसत होता. "मग तुम्ही थांबवता कसं?"

"थांबवायचं नाही. थांबवायला गेलं की जास्त होतं. एकदा बोटीवर रंगाच्या कामात खाल्ली, तर मालकाने पुढच्याच बंदरात उतरवलं."

"बोटीवर कुठून मिळाली?"

हे वाक्य मला नीट कळलं नाही, पण मी म्हणालो, "ज्याला खायचीय त्याला कुठेही मिळते."

त्यांनी मान हलवली. "मला आधी वाटायचं, नुसता वास घेऊन भागेल. मग कडेकडेची घेतली. यांना सांगायची हिंमत होत नाही. दवाखान्यात डॉक्टर बाईंनी परवा माझे दात बघितले आणि विचारलं, भिंत चाटलीस का."

दवाखान्यातल्या कामात काहीतरी गोंधळ झाला असणार आणि डॉक्टर बाई टोमणे मारतायत. मी सांगितलं, "तुम्ही सरळ सांगून टाका. बोलतील थोडं, पण पोटात ठेवून त्रास आपल्यालाच."

वहिनींचा हात पोटाकडे गेला. त्यांनी मला आशीर्वाद दिल्यासारखं बघितलं आणि आत गेल्या. लोक उगीच म्हणतात की मला माणसं कळत नाहीत.

बुधवार, १७

तोंड कापलं, वाळू उपसली, घुमट उभा राहिला. मी आत डोकं घालून ओरडलो. आवाज एखाद्या मोठ्या माणसाचा वाटतो.

पण मागच्या बाजूला बोटभर रुंदीचे खळगे पडलेत. ओळीत, कुणी खरवडल्यासारखे. आधीच तिथे दोन बोटं जाडी, आता दीड. मांजर असेल, कबुतरं असतील, किंवा पंख्याचा राग धरून शेजारचे.

वहिनींनी विचारलं, "चोर सापडला तर काय कराल?"

"घराबाहेर काढीन."

"घरातलाच निघाला तर?"

"बाबा असतील तर अवघड आहे," मी म्हणालो.

मी सापळा लावलाय. तोंड कापताना निघालेल्या मातीतला मुठीएवढा गोळा घेतला, त्यात चार चमचे तिखट आणि थोडं मीठ कालवलं आणि भट्टीमागे ठेवला. उद्या जो कुणी खोकताना दिसेल तो चोर.

गुरुवार, १८

गोळा अख्खा गायब. घरात कुणी खोकत नाही. उलट वहिनी आज फार खुशीत आहेत. संध्याकाळी सहज विचारत होत्या, "भाऊजी, तसा गोळा उद्या पण ठेवणार का? लिंबू पिळून बघा, चोर लवकर फसेल."

डोकं आहे बाईंना.

शनिवार, २०

चोर सापडला. कसं लिहू कळत नाही.

पहाटे गच्चीवर पालथा पडून राहिलो होतो. उजाडता उजाडता मागचं दार उघडलं आणि वहिनी बाहेर आल्या. इकडेतिकडे पाहिलं. भट्टीच्या पाठीवर नखाने खरवडलं. तोंडात घातलं. मग भट्टीला टेकून, गाणं म्हणत, निवांत चघळत उभ्या राहिल्या.

मी खाली येऊन, सगळे चहाला बसले होते तिथे उभा राहिलो. माझ्या खोलीचा प्रश्न होता, गप्प कसा बसणार? म्हणालो, "वहिनी माती खातात."

दादा म्हणाला, "तोंड सांभाळून बोल. सगळ्यांच्याच हातून चुका होतात."

"चुका नाही. माती. भट्टीची. चावून."

दादाचा कप तसाच हवेत राहिला. वहिनी लाल झाल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, सगळे खातात?"

आईने किटली खाली ठेवली. शाळेत घंटा देण्याआधी घड्याळाकडे बघते, तसं वहिनींकडे बघितलं. "कधीपासून?"

मी म्हणालो, "निदान दीड घमेल्यापासून."

"तुला नाही विचारलं. सूनबाई, कधीपासून?"

"तिसरा लागलाय," वहिनी म्हणाल्या. "रविवारी सांगणारच होतो आम्ही."

मग आई उठली, बाबा उठले, दादा उगाचच तिसऱ्यांदा बसला आणि उठला. आई वहिनींना जवळ घेऊन म्हणाली, "डोहाळे लागलेत गं माझ्या पोरीला." आणि सगळे हसायला लागले. मी चोर पकडून दिला आणि अभिनंदन चोराचं. मला कुणीतरी समजावून सांगेपर्यंत माझा चहा गार झाला होता.

म्हणजे मी काका होणार. मी चहा तसाच प्यालो.

रविवार, २१

वहिनी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. रक्त कमी आहे, त्यानेही मातीची इच्छा होते म्हणे. लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि माती पूर्ण बंद. तिखट घातलेली पण बंद. हे सांगताना दादाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आरक्षण न करता त्याच्या जागेवर बसलोय.

वहिनींना अन्नही नकोसं झालंय. दोन दिवस जे समोर येतं ते ढकलतात. बाबांनी त्यांच्यासाठी मोसंबी सोलली, सगळ्या फोडी एका मापाच्या. नाही खाल्ली.

दुपारी मी मागच्या खोलीत पडलो होतो. दारात दादा आणि वहिनी हळू बोलत होते, मी झोपलोय असं समजून.

"इथे पाळणा, इथे कपाट," वहिनी म्हणाल्या.

"बाबांनी शब्द दिलाय त्याला," दादा म्हणाला. साध्या आवाजात, माइकशिवाय. मी दादाचा तो आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"नाही तर आपल्या खोलीत लावू कुठेतरी," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींना काही बोलू नका. किती दिवसांनी आलेत."

जाळी, मिठाची बरणी, सगळं आता कळलं. मी डोळे मिटून घोरलो. घोरणं बेताचंच जमलं.

बुधवार, २४

रोज थोडी थोडी आग लावतोय, ओल निघावी म्हणून. घुमट आतून काळा पडतो. बेकरीत सांगायचे की भट्टी खरी तापली की काजळी आपोआप जळून जाते आणि घुमट पुन्हा पांढरा होतो. मागचे खळगे मी कुंभारकाकांच्या शेडची जमीन झाडून आणलेल्या मुठीभर धुळीने बुजवले. ते म्हणाले, "उरलेली कुठे गेली?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं, सोनं आहे."

हिशेब सरळ आहे. पाव जमला तर बाळाची खोली माझी. नाही जमला तर खोली बाळाची आणि मी गोदामात. मी नुसतं "नको मला खोली" म्हणालो, तर वहिनी ऐकणार नाहीत आणि बाबा शब्द मागे घेणार नाहीत. म्हणून पाव बिघडवायचा. बिघडवणं मला जमतं. या कामाचा माझ्याइतका अनुभव या घरात कुणाला नाही.

शनिवार, २७

कणीक भिजवून ठेवलीय. बाबा तीनदा येऊन फुगली का बघून गेले. तिसऱ्यांदा पट्टी घेऊन.

"फुगतेय," ते म्हणाले. "एक सेंटीमीटर आणि थोडी."

"नाही फुगली तर?"

"फुगेल," ते म्हणाले आणि वरचं ओलं फडकं नीट केलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

रविवार, २८

सकाळी सहाला आग लावली. नऊच्या सुमाराला घुमट आतून पांढरा झाला. मी आजवर पाहिलेल्या समुद्र, डोंगर वगैरे गोष्टींत ही गोष्ट बसते. निखारे ओढून काढले, तळ ओल्या फडक्याने पुसला, पाव आत सरकवला, तोंडाला फळी लावली. घरातले सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसले होते.

बाबांनी विचारलं, "किती वेळ?"

"चाळीस मिनिटं," मी सांगितलं. "तोवर चक्कर मारून येतो."

बेत असा की नेहमीसारखा कुठेतरी भरकटायचं, दोन तासांनी यायचं, आत कोळसा. बाहेर पडलो. रस्त्यात काही नव्हतं. एक माणूस सायकलवर आरसा घेऊन चालला होता, एरवी मी त्याच्या घरापर्यंत गेलो असतो. आज मान वळेना. मुंग्या दिसल्या, जाऊ दिल्या. मंडईला तीन फेऱ्या मारल्या आणि तिन्ही वेळा घड्याळ पाहिलं. लक्ष उडावं म्हणून एवढी मेहनत मी कधी केली नव्हती, आणि ते उडेना. कसाबसा दीड तास काढून परत आलो.

"उशीर झाला," मी म्हणालो. चेहरा पाडला. फळी काढली.

पाव सोनेरी होता.

मी पुन्हा बघितलं. उलटा केला, बुडावर टिचकी मारली. पोकळ वाजला, वाजायला हवा तसा. भट्टीच्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन काढला, सगळी ऊब तिथून बाहेर येत होती. वहिनींनी खाऊन खाऊन भिंत इतकी पातळ केली होती की पावाला करपायला आच उरलीच नाही. दीड तास मंद, आरामात भाजला गेला. बेकरीत असा पाव मी कधी पाहिला नव्हता. ट्रेमध्ये तर नाहीच.

आईने कापला. पहिला तुकडा सवयीने वहिनींपुढे केला, त्या ढकलणार हे धरूनच. वहिनींनी वास घेतला. एक कोपरा तोडला. थांबल्या. मग पूर्ण तुकडा, मग कडेचा कडक भाग, करकर वाजवत. अंगणात दुसरा आवाज नव्हता. दादाचा हात वहिनींच्या खुर्चीवर होता आणि तो चक्क काही पुकारत नव्हता.

मी मनात म्हणत होतो, वहिनी, पुरे. तेवढ्यावर थांबा.

"अजून आहे?" वहिनी म्हणाल्या.

आईने डोळ्याला पदर लावला. आठवड्याभरात पोरीने पहिल्यांदा काही मागितलं होतं. बाबा उठले, शर्ट नीट केला आणि मला म्हणाले, "जमलं. खोली तुझी."

"मला ती खोली नको," मी म्हणालो.

"का?"

"उजेड फार येतो."

"मग मामाकडे जायचंय?"

"नाही."

"नीट एक सांग."

मी पायाकडे बघत सांगितलं, "मला राहायचंय. पण त्या खोलीत पाळणा लावा. मी तो पाव जाळायला ठेवला होता."

वहिनींनी चौथा तुकडा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. "असाच जाळत जा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "रोज."

"आगारातर्फे सूचना," दादा म्हणाला आणि त्याचा आवाज बसला, म्हणून सूचना राहूनच गेली.

बाबा तडक घरात गेले. मला वाटलं चिडले. थोड्या वेळाने बैठकीतून हाक आली, "इकडे ये. आडवा हो."

खिडकीखाली, चपलांचं कपाट सरकवून त्यांनी जागा केली होती. मी जमिनीवर आडवा झालो. ते गुडघ्यावर बसून पट्टीने मला टाचेपासून मोजत वर आले, एका पट्टीनंतर दुसरी, मध्ये अंगठ्याने खूण धरून.

"पाय ताठ. खोटं माप देऊ नकोस."

"कशाचं माप?"

"पलंगाचं. सुताराला आज सांगून येतो." डोक्यापाशी पोचून त्यांनी आकडा मनातल्या मनात दोनदा म्हटला. मग आईला हाक मारून म्हणाले, "लिहून घे गं. सहा फूट. आणि चारी बाजूंनी अर्धा अर्धा फूट जास्त लिही. हा झोपेतसुद्धा भटकतो."